लोखंडाचं माहेर

इकडे या दोघं. थोरलीबाई, ती बॅटरी जरा खाली धर. धाकटे राजे, तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभे राहा, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढायचा नाही, कितीही टोचला तरी. दिसलं? शेगडीच्या दाराच्या आतल्या अंगाला, काच बसते त्या खोबणीच्या कोपऱ्यात, तांबूस काळा उंचवटा आहे बघा, गव्हाच्या दाण्याएवढा. तो बोल्ट. डोकं नसलेला. डोकं तुमच्या बाबांच्या खिशात आहे.

बाबांना हसू नका. बोल्ट पाव इंची, म्हणजे सहा मिलिमीटरच्या जरा वर. आट्यांच्या खाचा वजा केल्या तर आतला गाभा पाच मिलिमीटरही भरत नाही. त्यावर वीतभर लांबीचा पाना लावला आणि टोकाला दहा किलोचा जोर दिला, की आत गच्च बसलेला बोल्ट फिरत नाही, पिळवटतो आणि टक्‌कन तुटतो. लांब पान्याचा हाच धोका असतो. जोर किती लागतोय ते हाताला कळायच्या आत काम झालेलं असतं.

काय म्हणालास? कुणी डिंकानं चिकटवलाय? नाही रे. डिंक असता तर मी सकाळीच चहा प्यायच्या आधी काढला असता. हा गंजानं धरलाय. आणि गंजाची गोष्ट सांगायची तर फार मागं जावं लागतं. आपला सूर्य नव्हता तेव्हापर्यंत.

मोठमोठ्या ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो, हेलियमचा कार्बन, असं करत करत एकाहून एक जड मूलद्रव्यं तयार होतात. दर पायरीला ऊर्जा निघते आणि तिच्याच जोरावर तारा स्वतःचं वजन पेलून उभा असतो. लोखंडापाशी आलं की हा व्यवहार आतबट्ट्याचा होतो. लोखंडाचे अणुगर्भ एकमेकांत मिसळायचे तर ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. मग ताऱ्याचा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, आणि बाहेरचं सगळं उधळलं जातं. शिवाय श्वेत बटू म्हणून लहान पण अतिशय घट्ट तारे असतात. त्यांतले काही फुटतात तेव्हा आधी किरणोत्सारी निकेल बनतं, त्याचं कोबाल्ट होतं आणि कोबाल्टचं लोखंड. निकेल निम्मं व्हायला ६ दिवस लागतात, कोबाल्ट निम्मं व्हायला ७७. असल्या आतषबाजीतून उडालेलं लोखंड पुढं ज्या धुळीत मिसळलं, त्या धुळीची पृथ्वी झाली. या दारातलं लोखंडही तेच. तुझ्या रक्तातलंही.

पृथ्वी लहान होती तेव्हा समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असायचं. हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच, त्यामुळं ते सुखानं राहिलं. मग डोळ्यांना न दिसणारे जीव आले, निळे-हिरवे जिवाणू. उन्हावर स्वतःचं अन्न करायचे आणि प्राणवायू सोडायचे. तो प्राणवायू पाण्यातल्या लोखंडाला भेटला, आणि समुद्र गंजला म्हणा ना! त्या गंजाचे थर तळाशी बसत गेले, कोट्यवधी वर्षं. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हे काम भरात होतं. आज जगातलं बहुतेक लोहखनिज आपण त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या खडकांतून खणून काढतो. गोव्याला गेलो होतो तेव्हा खाणींचे लाल ट्रक बघितले होतेत ना? त्या तांबड्या धुळीचं मूळही त्याच जातीच्या खडकांत आहे.

म्हणजे लोखंडाचं माहेर कुठलं, तर गंज. माणसानं भट्टी पेटवली, कोळशाकरवी खनिजातला प्राणवायू ओढून काढला आणि उरलेल्या धातूला म्हणाला, आता तू माझ्या घरी राहा. राहतं ते. पण ओलावा आणि हवा मिळाली की निघालंच माहेरी. रंग लावा, तेल लावा, जस्ताचा मुलामा द्या, हे सगळं निघायला उशीर व्हावा म्हणून.

आणि इथं खरी मेख आहे. लोखंड गंजलं की ते फुगतं. प्राणवायू आत आला तर त्याला जागा नको? जेवढं लोखंड गंजतं त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याचा गंज मागतो, आणि पाणी धरून ठेवणारा गंज असेल तर त्याहूनही जास्त. उघड्यावर गंजलं तर पापुद्रे सुटतात, पडून जातात. पण भोकात घट्ट बसलेला बोल्ट गंजला तर फुगलेल्या गंजानं जायचं कुठं? तो बोल्टलाही रेटतो आणि भोकालाही रेटतो. आट्या-आट्यांमध्ये पाचर बसते.

पण शेगडी तर कायम कोरडी, तापलेली, मग ओलावा आला कुठून, हा थोरलीचा प्रश्न चोख आहे. हिवाळ्यात नाही आला. उन्हाळ्यात आला. इथं व्हरमाँटला मे महिन्यात शेगडी विझवतात आणि राख तशीच आत ठेवून विसरून जातात. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि त्याला हवेतला दमटपणा ओढून घ्यायची खोड आहे. चार महिने ओल धरून राख दाराला चिकटून बसली, की झालं. वर धुराचं काळं डांबर आम्लधर्मी असतं, ते वेगळंच.

याच राखेवर इथले लोक एकेकाळी पैसे मिळवायचे, बरं का. जंगल तोडून शेत करायचं, लाकडं जाळायची, राख पाण्यात भिजवून ते पाणी आटवायचं आणि पोटॅश विकायचं, साबणाला आणि काचेला. अमेरिकेनं दिलेलं सगळ्यात पहिलं पेटंट राखेतून पोटॅश काढायच्या सुधारलेल्या रीतीचं होतं. ३१ जुलै १७९०, सॅम्युएल हॉपकिन्स नावाचा माणूस, आणि खाली सही खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांची.

असो. बोल्टकडे या.

काल रात्री मी दार बिजागरीवरून उचलून इथं गॅरेजमध्ये फळीवर आडवं ठेवलं, काच काढून गोधडीत गुंडाळली आणि या दाण्याभोवती तारेचा ब्रश मारून भेदक तेलाचे थेंब सोडले. मग बारक्या हातोडीनं टिचक्या मारत बसलो. जोरात नाही. गंज ठिसूळ असतो, हादऱ्यानं त्याला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. रात्रभर तसंच ठेवलं. आता आधी ते तेल पुसून घ्यायचं, चिंधी बाहेर नेऊन पत्र्यावर पसरून ठेवायची, आणि मगच तापवायला ज्योत. तेलाचा फवारा आणि ज्योत एका वेळी हातात घ्यायची नाही. हे तुमच्या आबानं सांगितलेलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

आता मला सांगा, लोखंडाच्या पट्टीला भोक आहे आणि पट्टी तापवली. भोक मोठं होईल की लहान? थोरली म्हणते लहान, कारण लोखंड फुगून आत येईल. धाकटे राजे गप्प. माझ्या लहानपणी आमच्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे. लाकडी चाक आणि त्यावर बसवायची लोखंडी कडी म्हणजे धाव. ती मुद्दाम चाकापेक्षा जरा लहान करायची. मग गोवऱ्या रचून, त्यांत धाव ठेवून लाल होईस्तोवर तापवायची. चौघं जण सांडशीनं उचलायचे आणि चाकावर टाकायचे. थंड असताना न बसणारी कडी अलगद बसायची. मग वर पाणी! धुराचा आणि वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं आणि धाव आवळून बसायची, गाडी मोडेपर्यंत निघायची नाही. तर भोक मोठं होतं. पट्टी फुगते तेव्हा तिचा कण न् कण एकमेकांपासून लांब सरकतो, भोकाच्या काठावरचे कणसुद्धा.

किती मोठं होतं? अडीचशे अंशांनी तापवलं तर हे पाव इंची भोक मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाइतकंही वाढत नाही. डोक्याच्या केसाच्या जाडीचा चौथा भाग धरा. आणि खरं सांगायचं तर बोल्टही बरोबर तापतो आणि जवळपास तेवढाच फुगतो, म्हणून फट अशी मिळतच नाही. मग तापवायचं कशाला? तर दोघं एकदम तापत नाहीत. आधी भोवतालचं बीड तापतं, मग बोल्ट. आधी एक सरकतं, मग दुसरं. निवतानाही तसंच. या मागंपुढं होण्यात मधला ठिसूळ गंज भरडला जातो.

पण चाकावर ओततात तसं यावर पाणी ओतायचं नाही. हे दार बिडाचं आहे.

बीड मला चांगलं ठाऊक आहे, जन्म त्यातच गेला. कोल्हापूरला उद्यमनगरात शिकाऊ म्हणून लागलो आणि पुढं शिरोलीला फाउंड्रीत. पोलादात कार्बन शेकडा एकाच्याही आतच असतो बहुधा. बिडात तीन-साडेतीन टक्के. एवढा कार्बन लोखंडात मावत नाही. बीड थंड होताना तो बाहेर पडतो आणि ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानं आतच अडकून राहतो. पेन्सिलीच्या शिशात असतं ते ग्रॅफाइट. या पापुद्र्यांमुळं बीड कापायला मऊ, ओतायला सोपं आणि तापून वेडंवाकडं न होणारं. पण ओढ बसली की प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली चीर. एका जागी एकदम तापवलं किंवा एकदम गार केलं की तडकलंच. म्हणून ज्योत हलवत ठेवायची, लांबून, रुंद वर्तुळात, आणि निवू द्यायचं ते आपल्या आपण.

बिडाची शेगडी करायचं डोकं इकडे बेंजामिन फ्रँकलिननंही चालवलं होतं. १७४२च्या सुमारास त्यानं फिलाडेल्फियात बिडाच्या पत्र्यांची शेगडी केली. भिंतीतल्या चुलीतली बरीचशी उष्णता धुराड्यातून वर जायची, ती खोलीत राहावी म्हणून. गव्हर्नर तिचा एकाधिकार द्यायला तयार होता. फ्रँकलिननं घेतला नाही. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांचा आपण फायदा घेतो, मग आपलाही फुकट द्यावा, असं त्याचं म्हणणं. माणूस थोर. शेगडी मात्र, आपल्यातच ठेवा, तेवढी बरी नव्हती. धुराला आधी खाली जाऊन मग वर चढायला लावलं होतं. धुराला खाली जायची हौस नसते. पुढं डेव्हिड रिटनहाऊसनं धुराड्याची रचना बदलली तेव्हा ती नीट चालली. व्हरमाँटमध्येही ब्रँडन गावात शेगड्या ओतणारी भट्टी होती, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ओतकाम करणाऱ्यांचा मुलूख आहे हा, म्हणून मला इथं परकं वाटत नाही.

मेणबत्ती आण. देवघरातली नको, ती पांढरी, साधी.

ज्योत बाजूला. आता जरा थांबायचं. मेण लावलं आणि भकाभक धूर निघाला तर समजायचं की अजून फार तापलेलं आहे. आता बघ, मेण टेकवताच पाणी झालं आणि... कुठं गेलं? वर तर काही उरलं नाही. आत गेलं. कुणी ढकललं नाही. मेणाच्या कणांना लोखंडाला चिकटायची ओढ असते, त्या ओढीनं ते फटीत आपणहून शिरतं. फट जितकी बारीक तितकं लांब जातं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी फट असेल तर पाणी त्यात दीड मीटर उंच चढू शकतं, गुरुत्वाकर्षणाच्या उरावर बसून. पातळ झालेलं मेण त्याच्या साधारण निम्मं चढेल. आपल्याला तर फक्त सेंटिमीटरभर आत जायचंय. पुन्हा तापव, पुन्हा मेण. आणखी एकदा.

आता ग्रिप प्लायर. दाणा पकडला. आधी उजवीकडे. हो, उजवीकडे, म्हणजे आवळायच्या बाजूनं, अगदी केसभर. मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे. आणि हे बघा, दाण्याचा चुरा झाला. तो लोखंडाचा राहिलाच नव्हता, सगळा गंज होता. ठीक. सपाट झालं तर सपाट.

पेटीतला तो पिळाचा खिळा? त्याला इझीआऊट म्हणतात, आणि नावावर जाऊ नका. बोल्टमध्ये भोक पाडून तो उलटा पिळत आत बसवायचा आणि बोल्ट बाहेर काढायचा, असा त्याचा बेत असतो. तो कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. आत तुटला तर साध्या ड्रिलनं त्याला ओरखडाही उठत नाही, आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात. कारखान्यात आम्ही अशा वेळी तुटलेल्या बोल्टवर नट ठेवून मधून वेल्ड मारायचो. वेल्डिंगची आच थेट बोल्टच्या पोटात जाते, बिडाला वेल्ड सहजी धरत नाही, आणि फिरवायला वर नट आयता मिळतो. सगळ्यात उत्तम उपाय तोच. पण तुमच्या बाबांकडे वेल्डिंगचं यंत्र नाही, आणि नाही तेच बरं.

म्हणून डाव्या पिळाचं ड्रिल. नेहमीचं ड्रिल उजवीकडे फिरून कापतं, म्हणजे तुटका बोल्ट आणखी आत आवळतं. हे उलटं फिरून कापतं. कानशीनं माथा सपाट केला, सेंटर पंचानं बरोबर मध्ये खूण केली. मध्य साधण्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून मी चार बाजूंनी बघतोय, उगाच नाही. मशीन उलट फिरवायचं, हळू. तीन मिलिमीटरचं आधी.

कीस बघा कसा निघतोय, पिळाचा. हा पोलादाचा. पिळाच्या जागी काळी भुकटी यायला लागली की ताबडतोब थांबायचं, कारण बिडाचा कीस वळत नाही, ग्रॅफाइटमुळं त्याची पूड होते. म्हणजे ड्रिल बोल्ट सोडून दारात शिरलं. डोळ्यांना आतलं दिसत नसलं तरी भुकटी सांगते.

आता चार मिलिमीटरचं. बोल्ट आतून पोकळ झाला की त्याची भिंत पातळ होते, बाहेरून रेटणाऱ्या गंजाला ती आत झुकू देते, आणि पकड... धर! धर! फिरला! ड्रिलला अडकून आला वर. हात लावू नकोस, तापलाय. घे, चिमट्यानं घे. बारा मिलिमीटरचा तुकडा. आणि आट्यांत अडकलेली ती तांबडी पूड बघ. ते माहेर.

भोकातले आटे साफ करायला हा टॅप. पाव इंच, इंचाला वीस आटे. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, म्हणजे कचरा तुटून पडतो. बिडात तेल लागत नाही, ग्रॅफाइट आपणच वंगण. मी शिकाऊ असताना पेटीत व्हिटवर्थचे टॅप असायचे, इंग्रजी. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं, नाही तर तोवर ज्या कारखान्याचा नट त्याच कारखान्याचा बोल्ट. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. इकडे १८६४ मध्ये विल्यम सेलर्सनं फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये ६० अंशांचा आटा मांडला, करायला सोपा म्हणून. पाव इंचात दोघांचेही आटे इंचाला वीस, त्यामुळं हा नट त्या बोल्टवर चढतो आणि माणूस फसतो.

नवा बोल्ट साध्या पोलादाचा. स्टेनलेस चकचकीत दिसतं, पण ते तापल्यावर बिडापेक्षा दीडपट फुगतं आणि त्याचे आटे एकमेकांना चावतात. आट्यांना तांब्याची पूड घातलेलं हे वंगण लावायचं. तेल जळून जातं, तांबं राहतं.

काच आणा, दोघांनी मिळून. ही काच साधी नाही. साधी काच तापून फुगते, एका बाजूनं जास्त फुगली की फुटते. ही जवळजवळ फुगतच नाही. तिच्या पोटात अतिशय बारीक स्फटिक असतात. ते तापल्यावर आक्रसतात, भोवतालची काच फुगते, आणि दोघांची फिटंफाट होते. अशा काचेचा मार्ग पहिल्यांदा सापडला तो शेजारच्याच न्यूयॉर्क राज्यात, कॉर्निंग गावी, १९५०च्या दशकात. डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा तुकडा ६०० अंशांवर भट्टीत ठेवला होता, भट्टी चढत चढत ९०० वर गेली. वितळून राडा झाला असेल म्हणून दार उघडलं, तर तुकडा जसाच्या तसा, फक्त पांढरा झालेला. चिमट्यातून निसटून फरशीवर पडला, तरी फुटला नाही.

आता गणित करा. दाराची चौकट ४० सेंटिमीटर रुंद. शेगडी ३०० अंशांनी तापली की बिडाची चौकट सव्वा मिलिमीटरच्या पुढं वाढते. काच आहे तेवढीच. मग काचेच्या पट्ट्या बोल्टनं करकचून आवळल्या तर काय होईल? बरोबर. म्हणून बोटांनी आवळायचा, आणि पान्यानं फक्त एक पाव फेरा. पुढच्या मे महिन्यात राख काढायची, आणि हे चारी बोल्ट एकदा सैल करून परत बसवायचे.

दार चढलं. आता परीक्षा. दाराच्या कडेनं ही दोरी आहे ना, काचेच्या धाग्यांची, तिच्यामुळं हवा आत शिरत नाही. फार जुन्या शेगडीची दोरी असेल तर ती खरवडायची नाही, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ही तशी नाही. एक नोट आणा, दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकली तर दोरी चांगली. फ्रँकलिनचं चित्र शंभराच्या नोटेवर आहे म्हणून शेगडीला तीच पाहिजे? जा, माग आईकडे.

हं, वॉशिंग्टन आले, एक डॉलरवाले. चालतील, राखेच्या पेटंटवर त्यांचीच सही आहे. वरून अडकली. डावीकडून अडकली. कडीकडून घट्ट. आणि बिजागरीच्या खालच्या बाजूला सुळकन निघाली, बघा. बोल्टचा यात दोष नाही, दोरी दबलीय तिथं. ती बदलल्याशिवाय पेटवायची नाही. नोट आईला परत दे आणि येताना मोजपट्टी आण. दोरी पाव इंची आहे की तीन अष्टमांश, ते मोजल्याशिवाय मी दुकानात यायचा नाही.